जर्मनीला जाण्याआधी मांडायचा हिशोब

ऑफरपत्रात ‘वर्षाला 50,000 युरो’ असं दिसलं की घरात पहिला गुणाकार होतो. युरोला शंभर रुपये धरले तर पन्नास लाख. नातेवाइकांत तोच आकडा फिरतो आणि पुढचे निर्णय त्याच आकड्याच्या भरवशावर घेतले जातात. हा गुणाकार फसवा आहे, कारण खर्चही युरोतच होणार आहे. पण त्याहून मोठी चूक दुसरीकडे होते. जायचं की नाही हे ठरवताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिलं वर्ष असतं. तिसऱ्या, सहाव्या किंवा नवव्या वर्षी परत यावंसं वाटलं तर काय सोडून यावं लागेल, हे कुणी मांडून पाहत नाही. परतीचा दरवाजा एका दिवसात बंद होत नाही. तो वर्षागणिक जड होत जातो, आणि कोणत्या महिन्यात किती जड होणार हे बरंचसं आधीच कायद्यात लिहिलेलं असतं. ते वाचूनच निर्णय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

हे लिहिताना नजरेसमोर आहेत ते पुणे-नाशिक-संभाजीनगर पट्ट्यातले वाहन उद्योगातले इंजिनिअर, आयटीवाले, आणि जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुली-मुलं.

आधी पगार. 2025 च्या दरांनी पाहू. निवृत्तिवेतन विम्याला 9.3 टक्के. आरोग्य विम्याला 7.3 आणि त्यावर विमासंस्थेची जादा वर्गणी, असे मिळून साडेआठच्या आसपास. बेरोजगारी विम्याला 1.3. म्हातारपणच्या शुश्रूषेच्या विम्याला 1.8, आणि तेविशी ओलांडली असून मूल नसेल तर वर 0.6. प्राप्तिकराला हात लागायच्या आत साधारण साडेएकवीस टक्के गेले. कर धरून अविवाहित माणसाच्या हातात 50,000 पैकी महिन्याला सुमारे 2,700 युरो पडतात.

त्यातून घरभाडं. स्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये एका खोलीच्या घराला हीटिंगसकट 900 ते 1,200 युरो सहज लागतात. लाइपझिग किंवा केम्निट्झमध्ये तेच साडेचारशे ते सहाशेत मिळू शकतं. घरी स्वयंपाक केला तर किराणा-भाजीला अडीचशे-तीनशे. देशभर चालणारा लोकल गाड्यांचा मासिक पास 2025 मध्ये 58 युरोंचा होता, 2026 पासून 63. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घरटी महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. फोन, इंटरनेट, कपडे आणि वर्षातून एकदा भारताचं तिकीट धरलं, तर काटकसरी एकट्या माणसाची बचत महिन्याला आठशे ते हजार युरोंवर जात नाही.

आता हेच पुण्यात पाहू. 18 लाखांच्या पॅकेजवर नव्या करपद्धतीत हातात महिन्याला एक लाख वीस हजारांच्या आसपास पडतात. भाडं किंवा हप्ता, घरखर्च, पेट्रोल जाऊन पन्नास हजार बाजूला टाकणारे बरेच आहेत. म्हणजे तुलना 18 लाख विरुद्ध 50 लाख अशी नाही. ती पन्नास हजार विरुद्ध नव्वद हजार अशी आहे. फरक आहे आणि तो चांगला आहे, पण तिप्पट नाही. पुण्यात 28-30 लाख मिळत असतील, तर पैशासाठी जर्मनीला जाण्यात अर्थ नाही. दुसरं काही हवं असेल तरच जावं.

ते दुसरं काही खरोखर मोठं आहे. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 दिवस भरपगारी रजा, आणि प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्यांत 28 ते 30. आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, आणि हे दिवस रजेतून वजा होत नाहीत. न कमावणारा जोडीदार आणि मुलं सरकारी आरोग्य विम्यात जादा हप्ता न भरता येतात. 2025 मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला 255 युरो बालभत्ता होता. सरकारी शाळेला फी नाही. महाराष्ट्रात चांगल्या शाळेची फी आणि मोठ्या आजारपणाची धास्ती हे मध्यमवर्गाचे दोन मोठे खर्च. तिथे ते कापलेल्या साडेएकवीस टक्क्यांतून भागतात, म्हणून ती कपात नुसती तोट्याच्या बाजूला मांडू नये.

कुटुंबाचं गणित मात्र वेगळं चालतं. एकच कमावता असेल आणि पत्नी किंवा पती सोबत राहत असेल, तर करवर्ग तीन घेता येतो आणि त्याच 50,000 वर हातात 3,000 च्या थोडं वर येतात. जोडीदार भारतातच राहिला तर सहसा ही सवलत मिळत नाही आणि करवर्ग एकच लागतो. ‘मी पुढे जातो, तुम्ही दोन वर्षांनी या’ या बेताची किंमत महिन्याला तीनशे-साडेतीनशे युरो होते. आणि सगळे गेले तर दोन-तीन खोल्यांच्या घराला मोठ्या शहरात 1,400-1,600 भाडं. एका पगारावर तिघांचं किंवा चौघांचं घर चालतं, पण बचत जवळपास होत नाही. दुसऱ्या पगाराशिवाय हा संसार फायद्यात येत नाही, आणि दुसरा पगार येतो तो भाषेतून.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त हिशोब इथे चुकतात. ‘कंपनीत इंग्रजी चालतं’ हे खरं असतं, पण ते त्या एका कंपनीपुरतं. ती नोकरी गेली की दुसरी शोधताना बाजार जर्मन विचारतो. सध्याचा काळ तसा बेभरवशाचा आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी करार करून 2030 पर्यंत 35,000 हून अधिक पदं कमी करण्याचं ठरवलं, आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांतही कपात चालू आहे. पुण्याच्या वाहन उद्योगातला माणूस नेमका याच क्षेत्रात जातो. म्हणून इंग्रजीवर नोकरी मिळाली असली तरी विमानात बसण्याआधी जर्मनची बी-वन, म्हणजे मधली, पातळी पुरी करावी.

त्याला किती वेळ लागतो? जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे संस्थेचा अंदाज असा की बी-वनपर्यंत 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात, त्याच्या वरच्या बी-टूसाठी 600 ते 800. रोज चार तासिका, आठवड्याला पाच दिवस, असा नेमाने अभ्यास केला तर बी-वनला सहा ते आठ महिने. शनिवार-रविवारच्या वर्गात आठवड्याला सात-आठ तासिका होतात. त्या गतीने दीड वर्ष धरा. ‘तीन महिन्यांत बी-टू’ अशी जाहिरात करणारा क्लास परीक्षेचे ठरावीक नमुने घोकून घेतो. प्रमाणपत्र कधीकधी मिळतंही, पण वॉर्डात फोन वाजला की बोलणं फुटत नाही. परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांत असते, प्रत्येकात साठ टक्के लागतात, आणि बी-वनला राहिलेला भागच पुन्हा देता येतो. आपल्याकडच्या मुलांचं बहुधा श्रवण राहतं.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे जो फारसा कुणी सांगत नाही. तो, ती, ते अशी तीन लिंगं आपल्या अंगवळणी पडलेली असतात, त्यामुळे जर्मनमधली तीन लिंगं बघून हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून आलेल्या माणसाइतका गोंधळ होत नाही. शब्दाचं लिंग अर्थावरून ठरत नाही, पाठच करावं लागतं, हे पाव, पोळी आणि धिरडं म्हणताना आपण जगलेलोच आहोत. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला घरचं वाटतं. अडतं ते मुख्य वाक्यात, जिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं.

नर्सिंगवाल्यांसाठी भाषा हा परवान्याचाच भाग आहे. बहुतेक ठिकाणी बी-टूशिवाय पूर्ण मान्यता मिळत नाही. भारतीय जीएनएम किंवा बीएस्सीची पात्रता सहसा थेट समकक्ष धरली जात नाही. राज्याचं कार्यालय कागद तपासून कोणते विषय आणि किती प्रात्यक्षिक कमी पडलं याचं पत्र देतं. मग दोन रस्ते उरतात. एक, केन्टनिसप्रुफुंग म्हणजे ज्ञानपरीक्षा. दुसरा, आनपासुंगस्लेहरगांग म्हणजे रुग्णालयात राहून काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण. परीक्षेचा रस्ता लवकर संपतो, पण नापास झाल्यास पुन्हा एकदाच देता येते. बोलण्यात आत्मविश्वास नसेल तर पूरक प्रशिक्षण बरं.

मान्यता मिळेपर्यंत पगार सहायकाचा. जुलै 2025 च्या दरांनी वृद्ध-शुश्रूषेच्या क्षेत्रात सहायकाला तासाला किमान 16.10 युरो आणि पूर्ण पात्र परिचारिकेला 20.50 युरो होते. आठवड्याला 39 तास धरले तर महिन्याला ढोबळ 2,700 विरुद्ध 3,450. मान्यता वर्षभर लांबली तर नऊ हजार युरो गेले. म्हणून कागद इथेच नीट करून घ्यावेत.

कागद अडतात ते बहुतेक नावावरून. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. जर्मन कर्मचारी शेवटचा शब्द आडनाव समजतो. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, काही घरांत पहिलं नावही बदललेलं असतं, आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तिसराच क्रम असतो. पासपोर्टवर जे नाव आहे ते प्रमाण धरायचं. जिथे फरक आहे तिथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडायची, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवायचं. दुसरी अडचण प्रशिक्षणाच्या तासांची. नुसती गुणपत्रिका पुरत नाही. कोणत्या विषयाचे वर्गात किती तास आणि कोणत्या वॉर्डात किती तास, हे महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याने लागतं. मानसिक आरोग्य आणि वृद्ध-शुश्रूषेचे तास हमखास विचारले जातात. कॉलेज बंद पडलं असेल किंवा नाव बदललं असेल तर हे पत्र मिळवण्यात महिने जातात, म्हणून पहिला अर्ज त्याचा करावा.

आणखी एक खर्च टाळण्यासारखा आहे. भारताच्या अपॉस्टिलवर जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तो शिक्का तिथे चालत नाही. तरीही ‘सगळ्या कागदांचं अपॉस्टिल करून देतो’ म्हणून पैसे घेणारे दलाल आहेत. जन्म-विवाहाचे दाखले संशयास्पद वाटले तर वकिलात स्वतः पडताळणी करून घेते, आणि तिला वेळ लागतो.

कामाचं स्वरूप नीट समजून जावं. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात आणि सिस्टर इंजेक्शन, सलाइन, औषधं पाहते. जर्मनीत ही अंगाची शुश्रूषा परिचारिकेच्या कामाचा गाभा आहे, आणि सलाइनसाठी शिरेत सुई घालणं बऱ्याचदा डॉक्टरकडे असतं. आयसीयूत काम केलेल्या मुलीला हे खालच्या दर्जाचं काम दिल्यासारखं वाटतं आणि तिथेच मन उडतं. त्यातून वृद्धाश्रमातली आजी स्टुटगार्टकडची असेल तर ती श्वेबिश बोलीत बोलते. क्लासात शिकलेली भाषा पहिले तीन-चार महिने अपुरी पडते.

2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मनचे वर्ग आणि चौकशा वाढल्या. करार चांगला आहे, पण तो नोकरीचा कागद नव्हे. व्हिसा मिळतो तो एका मालकाच्या करारावर आणि तुमच्या पात्रतेच्या मान्यतेवर. आधी नोकरी सोडून किंवा शेतावर कर्ज काढून वर्गात बसू नये.

दलालांबाबत भारताचा नियम स्पष्ट आहे. परदेशी नोकरभरती करणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. नर्सिंगमध्ये तर चांगला जर्मन मालक सगळा खर्च स्वतः उचलतो. त्यासाठी ‘फेअर आनवेर्बुंग’ नावाचं सरकारमान्य गुणवत्ताचिन्हही आहे. चार-पाच लाख मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. करारात एक कलम जरूर वाचावं: ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास प्रशिक्षणखर्च परत करण्याचं. दोन वर्षं आणि दर महिन्याला कमी होत जाणारी रक्कम, इथवर समजण्यासारखं आहे. रक्कम कमीच होत नसेल, किंवा मालकाने काढलं तरी तुम्ही भरायचं असेल, तर सही करू नये.

इंजिनिअर आणि आयटीवाल्यांचा सरळ रस्ता ब्लू कार्डचा, म्हणजे पदवीधरांच्या नोकरी-वास्तव्य परवान्याचा. 2025 मध्ये त्यासाठी वर्षाला किमान 48,300 युरो पगार लागत होता, तुटवड्याच्या व्यवसायांत आणि नव्या पदवीधरांना 43,759.80. दर जानेवारीला हा आकडा वाढतो, म्हणून सीमेवरच्या ऑफरमध्ये सही डिसेंबरात आणि अर्ज जानेवारीत असं झालं की गाडी अडते. पदवी आनाबिन या माहितीसाठ्यात पाहायची. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ ही मान्यतेची खूण हवी आणि अभ्यासक्रमही समकक्ष दिसायला हवा. नसेल तर झाब या केंद्रीय कार्यालयाकडून 208 युरो भरून समकक्षतेचं पत्र मिळतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा पदवीत धरला जात नाही, त्याचा मार्ग व्यावसायिक पात्रतेच्या मान्यतेचा.

1 जून 2024 पासून सुरू झालेल्या ‘चान्सेनकार्ट’ची जाहिरात खूप होते. नोकरी नसताना एक वर्ष जाऊन शोधण्याचा हा परवाना. सहा गुण लागतात: दोन वर्षांच्या अनुभवाला दोन, पस्तिशीच्या आत दोन, जर्मन बी-वनला दोन, असे ते जमतात. पण 2025 च्या हिशोबाने महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13,092 गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, आणि आठवड्याला फक्त 20 तास काम करता येतं. बी-टू येत नसेल तर तेरा लाख रुपये पणाला लावून हा रस्ता धरू नये. इंग्रजीवर नोकरी मिळायची असती तर ती इथे बसून अर्ज करूनही मिळाली असती.

पोचल्यावरचे पहिले तीन महिने एका कागदावर अडतात: आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. तात्पुरत्या भाड्याच्या अनेक खोल्यांत मालक तो देत नाहीत. मग करक्रमांक येत नाही, तो नसला की पगारातून सगळ्यात चढ्या दराने, करवर्ग सहाने, कर कापला जाऊ शकतो. पुढच्या घरासाठी पतपत्रिका लागते, तीही पत्त्याशिवाय बनत नाही. म्हणून ऑफर स्वीकारतानाच कंपनीकडे नोंद करता येईल अशी तीन महिन्यांची राहण्याची सोय मागावी. पगारात हजार युरो वाढवून घेण्यापेक्षा ही मागणी मोलाची. घर न पाहता अनामत पाठवू नये. अनामत कायद्याने हीटिंगविरहित भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. पत्त्याच्या नोंदीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. वसईच्या, गोव्याच्या कॅथलिकांनी हे माहीत ठेवूनच तो भरावा की तिथे चर्चकर प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के असतो, आणि तो पगारातूनच कापला जातो.

नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षाकाळ. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, कारण द्यावं लागत नाही. इथलं घर, गाडी विकणं, मुलांची शाळा काढणं हे सगळं सातव्या महिन्यानंतर. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि कामाची मुभा लगेच मिळते, त्यामुळे नंतर यायला अडचण नसते.

मुलांच्या वयाचा विचार सगळ्यात आधी व्हावा. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, आणि गुम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाण्यासाठी चौथीतलं जर्मन आणि गणित महत्त्वाचं. चार-पाच वर्षांचं मूल बालवाडीत भाषा उचलतं. नवव्या वर्षी गेलेल्या हुशार मुलाला वर्षभरात या चाळणीला सामोरं जावं लागतं आणि तो निव्वळ भाषेमुळे मागे पडू शकतो. उलट बाजूने, सातवी-आठवीत परत आणलं तर 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आहे, आणि देवनागरी न लिहिलेल्या मुलाला तो मोठाच भार होतो. तिथे असताना रोज अर्धा तास मराठी लिहून घेणं ही परतीची तयारीच समजावी. शाळेच्या दिवसांत सुट्टी काढून भारतात येता येत नाही, दंड होतो. बाडेन-वुर्टेमबर्ग आणि बव्हेरियात उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, त्यामुळे गणपती लवकर आले तर सापडतात. 2025 मध्ये 27 ऑगस्टला आले होते, तेव्हा जमण्यासारखं होतं. उत्तरेकडच्या राज्यांत शाळा बऱ्याचदा ऑगस्टमध्येच सुरू झालेली असते.

आता दरवाजे. ब्लू कार्डवर बी-वन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, अगदी प्राथमिक ए-वनवर 27 महिन्यांत. इतर कुशल कामगारांना तीन वर्षं. हा टप्पा गाठून परत येणं आणि त्याच्या तीन महिने आधी परत येणं यांत फार फरक आहे, कारण कायम वास्तव्य मिळालं की नोकरी गेली तरी पायाखालची जमीन राहते. पण ते घेऊन भारतात आलात तर सहसा सहा महिन्यांनी रद्द होतं. खुद्द ब्लू कार्डला ही मुदत बारा महिन्यांची आहे. म्हणजे ‘वर्षभर पुण्यात राहून बघू’ हा प्रयोग ब्लू कार्डवाल्यालाच करता येतो.

पुढचा टप्पा साठाव्या महिन्याचा. निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी 60 महिने व्हायच्या आत कायमचे परतलात, तर देश सोडून 24 महिने झाल्यावर स्वतःचा वाटा परत मागता येतो. मालकाचा मिळत नाही. 50,000 च्या पगारावर पाच वर्षांचा हा वाटा 23,000 युरोंच्या घरात जातो. 60 महिने भरले की परतावा बंद. त्याऐवजी सदुसष्टाव्या वर्षापासून पेन्शन, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू असल्याने ती भारतात राहूनही मिळते. या पगारावर एका वर्षाच्या वर्गणीला महिन्याला साधारण 40 युरो पेन्शन बसते, म्हणजे पाच वर्षांना 200. पन्नाशीच्या जवळ असलेल्याने पेन्शनसाठी महिने भरावेत. तिशीत परतून इथे घर घ्यायचं असेल तर एकोणसाठाव्या महिन्याच्या आत निर्णय घ्यावा. साठ महिने नकळत उलटून जाणं हा निर्णय नव्हे.

पाच वर्षांनी जर्मन नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जून 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करतं, भारत करत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की 1955 च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येणं-राहणं-काम करणं जमतं, पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमिनीची ही मनाई अनिवासी झाल्या दिवसापासूनच लागते. वारसाने आलेली ठेवता येते. घरची जमीन असेल तर जाण्याआधी सातबारावर वारसनोंद आणि वाटणीपत्र पुरं करून घ्यावं. साडेसहा हजार किलोमीटरवरून तलाठ्याकडचं काम उरकायचं तर प्रत्येक सहीला मुखत्यारपत्र लागतं.

भारतातली कागदपत्रं थोडक्यात. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या पैशांचं खातं, करायचं आणि तिकडून पाठवायच्या पैशांना एनआरई उघडायचं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही. एनआरईवरचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. दोन्ही देशांतल्या बँका ही माहिती आपापल्या कर खात्यांमार्फत एकमेकांना देतात, त्यामुळे ‘कुणाला कळतंय’ असं धरू नये.

आई-वडिलांचा प्रश्न शेवटी लिहितोय, पण बहुतेक घरांत निर्णय इथेच फिरतो. 1 मार्च 2024 नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील कायमचे नेण्याची सोय कायद्यात आली आहे. अडतं ते आरोग्य विम्यावर. सत्तरीच्या माणसाला सरकारी विमा सहसा घेत नाही, खाजगी विमा खूप महाग पडतो किंवा आधीचे आजार पाहून नाकारतो, आणि विम्याशिवाय परवाना नाही. त्यामुळे व्यवहारात उरतो तो 180 दिवसांत 90 दिवसांचा पाहुण्यांचा व्हिसा. एकुलत्या एक मुला-मुलीने हे गृहीत धरावं की आई-वडील इथेच राहणार. मग त्यांचा आरोग्य विमा साठीच्या आत वाढवून घेणं, बँकेत संयुक्त नाव, लिफ्ट असलेल्या इमारतीत घर, चालत जाण्याच्या अंतरावर रुग्णालय, आणि अडीअडचणीला सही करू शकेल असा एक जबाबदार नातेवाईक. यासाठी लागणारे पैसे आणि वर्षातून दोन अचानक तिकिटांची रक्कम त्या नव्वद हजारांच्या बचतीतून आधीच वजा करावी. भावंडांपैकी एक मागे राहणार असेल तर त्याच्या वेळेचा मोबदला कसा द्यायचा, हेही जाण्याआधी बोलून घ्यावं. नंतर या विषयावर घरं तुटतात.

वास्तव्य परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना मिळणारा तात्पुरता कागद नीट वाचावा. त्यावर जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम 81 चं चौथं पोटकलम नमूद असेल तर भारतात येऊन परत जाता येतं, तिसरं असेल तर नाही. आईच्या आजारपणात धावत आलेला माणूस इथे अडकतो तो या एका आकड्यामुळे.

आणि परत यायचं ठरलं तर निघताना पत्त्याची नोंद रद्द करून त्याचं पत्र घ्यावं, नाहीतर विम्याचे हप्ते आणि रेडिओची वर्गणी मागे लागते. निवृत्तिवेतन विम्याचा क्रमांक आणि दरवर्षीची पत्रं एका फाइलीत ठेवावीत, दोन वर्षांनी परताव्याचा अर्ज त्यावरच होतो. नर्सिंग कौन्सिलची इथली नोंदणी परदेशात असतानाही वेळेवर नूतनीकृत करावी. ती खंडित झाली तर दहा वर्षांचा जर्मन अनुभव असूनही इथल्या रुग्णालयात रुजू होता येत नाही.